विजेचं बोला : गॅरेजातला अंधार

प्रश्न : साताऱ्यात आमचं बैठं घर आहे. गॅरेज १० फूट रुंद, १८ फूट लांब, छताच्या मधोमध एकच बल्ब. निवृत्तीनंतर बाबा तिथे जुनी स्कूटर उघडून बसतात आणि काही दिसत नाही म्हणून वैतागतात. ५० वॅटचा फ्लडलाइट लावावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : फ्लडलाइट नको. तो डोळ्यावर येईल आणि बाबांच्या स्वतःच्या हाताची सावलीच कामावर पडेल. तुमच्याकडे उजेड कमी आहेच, पण तो पडतोय चुकीच्या जागी. गाडी आत लावली की मधल्या बल्बचा सगळा प्रकाश टपावर जातो आणि दारांपाशी काळोख राहतो. बॉनेट उघडलं तर तेच आडवं येतं.

गाडीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून साधारण दीड फूट आत, २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब लांबीच्या दिशेने बसवा. एकीचा उजेड सुमारे २००० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) असतो. तिसरी ट्यूब बाबांच्या टेबलावर, पुढच्या कडेच्या बरोबर वर. त्यांच्या पाठीमागे अजिबात नको. तिन्ही मिळून ६० वॅट होतात, म्हणजे जुना एक पिवळा बल्ब खायचा तेवढेच. टेबलाच्या ट्यूबला वेगळं बटण द्या. खोक्यावर ४००० के (केल्विन, म्हणजे उजेडाची छटा; ही ना फार पिवळी, ना निळसर) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८०च्या वर लिहिलंय ना, ते पाहून घ्या. स्कूटरच्या वायरिंगमधली तपकिरी आणि लाल वायर हलक्या प्रतीच्या दिव्याखाली सारखीच दिसते.

बाबा ग्राइंडर वापरत असतील तर एक गोष्ट मनापासून सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी शिकाऊ होतो. चोकच्या ट्यूबखाली ग्राइंडरचं चाक मला थांबलेलं दिसलं, आणि मी हात पुढे केला. उस्तादांनी मनगट धरलं नसतं तर आज हे लिहायला बोटं नसती. ५० हर्ट्झच्या विजेवर ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. चाकाचा वेग त्या ठेक्याशी जुळला की फिरतं चाक स्थिर भासतं. निकृष्ट ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटच्या) एलईडीतही हा दोष असतो. दुकानातच ट्यूब लावून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहा. पट्टे लुकलुकले तर ती घेऊ नका.

छताला पांढरा रंग द्या, उजेडात लगेच फरक पडेल. गाडी धुताना पाणी उडत असेल तर आयपी ६५ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारी, बंद फिटिंग लागेल. प्लग पॉइंट कमरेच्या वर काढा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, आणि मगच वायरमनला ट्यूबचं काम सांगा.