लॉगटेबल फिरवून पाहा

प्रश्न: एम.एस्सी.ला 'ली ग्रुप' आणि त्यांची रिप्रेझेंटेशन्स सुरू झाली आहेत. व्याख्या पाठ आहे, पण डोळ्यांसमोर काहीच येत नाही.
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: व्याख्या तूर्त मिटून ठेव आणि एखादं पुस्तक घे. मी वर्गात जुनं लॉगटेबल न्यायचो. कॅल्क्युलेटर आल्यापासून त्याला दुसरं कामच नव्हतं. मुखपृष्ठ वर करून ते टेबलावर ठेव. पलीकडची कड उचलून उभं कर, मग जागच्या जागी डावीकडे काटकोनात वळव. मुखपृष्ठ उजव्या भिंतीकडे गेलं. आता क्रम उलटा: आधी वळव, मग पलीकडची कड उचल. पुस्तक आडवं उभं आणि मुखपृष्ठ थेट तुझ्याकडे!

अशा सगळ्या फिरवण्यांचा मिळून होतो तो एक ली ग्रुप. चौरस फिरवून किंवा पालटून पुन्हा तसाच दिसतो अशा हालचाली, म्हणजे त्याच्या सममिती, मोजून 8 भरतात. इथे कोन हवा तितका बारीक करता येतो, म्हणून ही सममिती 'सतत'.

नॉर्वेच्या सोफस ली (1842–1899) यांनी नेमकं हे बारीकपण धरलं. (1870च्या युद्धात फ्रान्समध्ये पायी भटकताना हेर समजून या गृहस्थांना महिनाभर कोठडीत ठेवलं होतं.) काटकोनाऐवजी 1-1 अंशच फिरव. दोन क्रमांतला फरक आता साधारण अंशाचा सत्तावन्नावा भाग उरतो आणि गंमत म्हणजे तो तिसऱ्याच अक्षाभोवतीचा असतो. हा चिमुकला फरक म्हणजे ली ब्रॅकेट. ग्रुपची जवळजवळ सगळी कुंडली त्यात सापडते.

आता रिप्रेझेंटेशन. बारावीच्या रसायनशास्त्रात एस, पी, डी, एफ ऑर्बिटल्स (अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागांचे आकार) 1, 3, 5, 7 अशी घोकली होतीस ना? अणू कसाही फिरव, तीन पी आपापसांतच मिसळतात, पाच डी आपापसांत. एकमेकांच्या घरात जात नाहीत. प्रत्येक फिरवण्याचं तिथे एक मॅट्रिक्स होतं: पीसाठी 3×3, डीसाठी 5×5. ही झाली रिप्रेझेंटेशन्स, आणि तीही आणखी न फुटणारी. आपण ती न कळता पाठ केली होती!

मग 1, 3, 5, 7 मध्ये 2 का नाही? ब्रॅकेटला 2×2 मॅट्रिक्सही चालतात. वर 'जवळजवळ' म्हटलं ते यासाठीच. पण 2×2मध्ये 360 अंश फिरल्यावर उणे चिन्ह येतं, मूळपदावर यायला 720 लागतात. इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा फिरकीसारखा अंगभूत गुण) असाच वागतो. हे 720 हातानं अनुभवायचे तर तळहातावर पाण्याची वाटी घे आणि न सांडता काखेखालून एक फेरी दे: हात पिळला जाईल. त्याच दिशेनं दुसरी फेरी डोक्यावरून घे, हात मोकळा. वाटी स्टीलची घे. आमच्या घरात काचेची एक कमी आहे.