बुडबुडे नेमके कोणत्या वायूचे?

प्रश्न : वेताळ टेकडीवर काळ्या दगडाच्या पोकळीत सापडलेला एक पांढरा, चकचकीत तुकडा माझ्या मुलीने घरी आणला. त्यावर व्हिनेगर टाकल्यावर बारीक बुडबुडे आले. तुकड्याची पूड व्हिनेगरसह बाटलीत घालून तोंडाशी जळती काडी नेली, तर ती विझली. एवढ्यावरून हा कार्बन डायऑक्साइड ठरतो का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ठरत नाही. काडी विझली याचा अर्थ हा वायू ज्वलनाला मदत करत नाही, इतकाच. नायट्रोजननेही ती विझलीच असती. हायड्रोजन असता तर 'फट्' आवाज होऊन पेटला असता, म्हणून तो तेवढा बाद झाला.

खरी परीक्षा चुन्याच्या निवळीची, आणि तिचे सामान पानाच्या टपरीवर मिळते. हरभऱ्याएवढा खायचा चुना पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवावा आणि सकाळी तळचा गाळ न हलवता वरचे नितळ पाणी अलगद ओतून घ्यावे. झाकण विसरू नये, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही निवळीवर पांढरी साय धरते. आता आपल्या बाटलीच्या बुचातून एक बारीक नळी काढून तिचे टोक निवळीत बुडवावे. निवळी दुधाळ झाली, तर वायू आणि विरघळलेला चुना यांच्या संयोगाने न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार झाले, असे समजावे. वायू पुष्कळ वेळ जात राहिला, तर त्याचेच विद्राव्य बायकार्बोनेट होऊन निवळी पुन्हा स्वच्छ होते. नळी मोकळी आहे का, हे पाहायला तीत फुंकू मात्र नये. श्वासातही हाच वायू असतो, हे जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १७५०च्या दशकात निवळीच्याच साहाय्याने दाखवले होते.

एक मेख शाळेत बरेचदा सांगायची राहून जाते : सल्फर डायऑक्साइडही निवळी दुधाळ करतो. पण त्याला जळत्या गंधकाचा, ठसका लावणारा दर्प असतो, शिवाय आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी रंग तो हिरवा करतो. कार्बन डायऑक्साइड तसे करत नाही.

आपला तुकडा बहुधा कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा, असावा. पुण्याच्या बेसाल्टच्या, म्हणजे त्या काळ्या दगडाच्या, पोकळ्यांत गारगोटी आणि झिओलाइट ही खनिजेही सापडतात, पण व्हिनेगरने ती फसफसत नाहीत. बुडबुडे लवकर यावेत म्हणून संडास धुण्याचे ॲसिड मात्र मुलीच्या हाती देऊ नये. पूड जितकी बारीक, तितके व्हिनेगरचे काम भरभर होते.