नाईट ड्युटी आणि तान्हं लेकरू

अगं, कोविड वॉर्डात नाव लागलं म्हणून बाळाचं दूध तोडू नकोस. मास्क लाव, साबणाने हात धू आणि खुशाल पाज. नाईटला जाताना काढून ठेवलेलं दूध बाहेर साधारण 4 तास टिकतं, उन्हाळ्यात कमीच. फ्रिजमध्ये 4 दिवस. बाटलीवर तारीख-वेळ लिही, नाहीतर सासूबाई वास घेऊन ठरवतील!

मोठ्याला माहेरी कागलला ठेवायचं म्हणतेस, पण 2021 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर रिपोर्टशिवाय सोडत नव्हते. लेकरू पलीकडे, तू अलीकडे, असं नको. त्यापेक्षा इथलीच, बेळगावच्या शहापुरातली मावशी बघ.

नाईट उतरल्यावर आधी अंघोळ, मग झोप. पोरगं दार बडवेल, बडवू दे. जागरणाने तूच त्याच्यावर खेकसशील.