स्वतःचा कित्ता गिरवता येत नाही

दादरच्या एका वाचक बाईंनी विचारलंय: इन्स्टाग्रामवर कपड्यांबद्दल मराठीत लिहिणाऱ्या मुली ‘दिवाळीतलीच पैठणी लग्नात नेसून मी माझाच कित्ता गिरवला’ असं लिहितात, ते बरोबर आहे का? आणि सगळ्याजणी एकसारख्या नटू लागल्या की त्याला ‘ट्रेंड’ऐवजी काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर: साफ चूक. क्रीडापानांवर ‘संघाने स्वतःच्याच विजयाचा कित्ता गिरवला’ असं वाचून वाचून आधीच डोकं उठलंय, त्यात आता हे. कित्ता नेहमी दुसऱ्याचा असतो. गुरुजींनी पाटीवर ‘ग’ काढून द्यायचा, पोराने त्यावरूनच पेन्सिल फिरवायची, याचं नाव गिरवणं. आपलीच साडी दुसऱ्यांदा नेसली, तर साडी दुसऱ्यांदा नेसली एवढंच झालं.

‘ट्रेंड’साठी ‘कल’ सुचवणारे बरेच भेटतात. ‘सुरुवातीचे कल हाती’ हे मतमोजणीच्या सकाळी ठीक आहे, ब्लाउजच्या बाह्यांना नाही. ‘प्रवृत्ती’ तर माणसाच्या स्वभावाला लावायचा शब्द. मराठीत ‘टूम’ हा नेमका शब्द पडून आहे. टूम कुणीतरी काढतं, ती निघते, पसरते, जुनी होते. तिच्यात नापसंतीची किंचित छटा आहे, हे मान्य. ती नको असेल तर ‘चलन’ म्हणा. मात्र जे जिकडेतिकडे दिसतं त्याला सरसकट ‘लोकप्रिय’ म्हणू नका. त्याला ‘प्रचलित’ म्हणतात. प्रिय असण्यासाठी कुणाला तरी ते आवडावं लागतं.

आता कित्त्याकडे येतो, कारण कपड्यांच्या गप्पांत हा शब्द शिरला याचा मला मनापासून आनंद झालाय. अरबीत ‘कित्आ’ म्हणजे तुकडा. धातू क-त-अ, अर्थ कापणे. फारसी सुलेखनकार एखादी कविता सुट्या कागदावर देखण्या अक्षरात लिहीत, त्या कागदालाही कित्आच म्हणत. हेरातच्या मीर अलीचे असे कित्ते जहांगीर बादशहाच्या चित्रसंग्रहांत जपलेले आहेत, भोवती वेलबुट्टीची किनार काढून चिकटवलेले. शिकाऊ लेखक असे नमुने समोर ठेवून हात बसवत. आपल्या शाळेतला कित्ता हा त्याच घराण्यातला.

या धातूची बाकीची लेकरं बघा. गझलेचा शेवटचा शेर, ज्यात कवी आपलं नाव गुंफतो, तो मक्ता. ‘मक्तेदारी’तला मक्ता वेगळ्या वाटेने आला, पण धातू तोच. आणि उर्दूत माणसाच्या एकूण पेहरावाला, त्याच्या ढबीला म्हणतात ‘वज़ा-क़ता’. इथला ‘क़ता’ म्हणजे काप, बेतणी! कापड बेतणं आणि अक्षर गिरवणं एकाच मुळाचं. म्हणून माझं ठाम मत आहे की फॅशनच्या नकलेला ‘अनुकरण’ म्हणणं मिळमिळीत आहे, ‘कित्ता गिरवणं’ हाच तिथला हक्काचा शब्द. कोशांत ‘अरबी’ एवढा शिक्का मारून पुढे जातात, ही कोशांची कंजुषी आहे.

यावर भाषाशुद्धीवाले उठतील, म्हणून आधीच सांगतो. माधव जूलियनांनी 1925मध्ये फारसी-मराठी कोश रचला, मराठीत गझल रुजवली, आणि पुढे तेच फारसी-अरबी शब्द काढून टाकायच्या बाजूला गेले. मला त्यांचा कोश मान्य, त्यांची शुद्धी अजिबात मान्य नाही. ‘कित्ता’ काढून तिथे ‘आदर्शलेख’ बसवलात, तर पाटीवरचा तो पोरगाच वाक्यातून उठून जातो.

गिरवण्यात आणखी एक गोष्ट होते. पहिल्या हाताचा ‘ग’ बारीक, नेटका असतो. पाच-दहा वेळा गिरवला की जाड होतो, गाठ भरून जाते, काना फुगतो. तो लांबून जास्त ठळक दिसतो, पण वळण गेलेलं असतं. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत हेच बघायला मिळतं. नऊवारी, नथ, फेटा, गॉगल आणि बुलेट. पहिल्यांदा जिने हे केलं, तिच्यात ऐट होती. आता दर पाडव्याला तोच गॉगल त्याच कोनात, हनुवटी तेवढीच वर, आणि फोटोही त्याच बाजूने. नवरात्राच्या नऊ रंगांचंही तसंच. या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी वर्तमानपत्राने रोजचा रंग छापायला सुरुवात केली, बायकांनी तो उचलला, आणि आज लोकलचा लेडीज डबा त्या दिवशी अख्खा एका रंगाचा असतो. तो मला आवडतो, कारण तिथे कित्ता उघड छापलेला आहे आणि कुणी तो स्वतःची टूम म्हणून मिरवत नाही.

पुन्हा नेसलेल्या साडीला शब्द हवा होता ना? ‘ठेवणीतली’. ठेवणीतली साडी मुळात पुन्हा पुन्हा नेसायलाच ठेवलेली असते, डांबराच्या गोळ्या घालून, घड्या बदलून. तिला ‘रिपीट’ म्हणून माफी कशाला मागायची?

आणि त्याच मुली ‘साडी घातली’ लिहितात, तेही थांबवा. साडी नेसतात, या ‘नेस’मध्ये वस्त्रातलाच ‘वस्’ धातू आहे. हिंदमाताच्या दुकानांत मिळते ती तयार शिवलेली नऊवारी मात्र पाय घालून वर ओढायची असते, तिला ‘घातली’ म्हणायला माझी हरकत नाही.