गावी पडून असलेली काकांची पद्मिनी दुरुस्त करावी, की भंगारात द्यावी?

तुम्ही लिहिलंय की काकांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी मोटार कराडजवळच्या गावी शेडमध्ये अकरा वर्षं उभी आहे, काका आता नाहीत, चुलतभाऊ म्हणतो भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हा, आणि तुमचा जीव त्याला तयार होत नाही. माझं मत विचाराल तर इतक्यात देऊ नका. पण लगेच नवी बॅटरी घेऊन गावी धावूही नका. पुढच्या रविवारी जा आणि फक्त एक काम करा, पुढच्या सीटसमोरची रबरी मॅट उचलून बघा.

माझ्याकडे वडिलांची १९८५ ची पद्मिनी आहे. तीही मधली सहा वर्षं वाईला घराच्या मागे गोठ्याला लागून उभी होती. बाहेरून बघितलं तर रंग शाबूत, क्रोमचा बंपरसुद्धा पुसल्यावर चमकला. मॅट उचलली आणि खालची सारवलेली जमीन दिसली. पंजाएवढं भोक होतं, आणि त्याची कड बोटाने दाबली की पापडासारखी तुटत होती. त्या दिवशी मला कळलं की या गाडीत इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करायची असते.

त्याला कारण आहे. पद्मिनीला ट्रक-जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. हिचं मूळ म्हणजे १९५३ साली इटलीत आलेली फियाट ११००, आणि तेव्हापासून बॉडी हाच तिचा सांगाडा. पत्रा कुजला की गाडीचा कणाच कुजला. म्हणून जिथे दिसत नाही तिथे बघा: दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, मागचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) बॉडीला जिथे बसतात तो भाग, डिक्कीचा तळ, बॅटरीच्या ट्रेखाली. सोबत एक छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या आणि पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे, खाली पत्रा असेलच असं नाही. पाटे बसतात ती जागा आणि दारांखालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी पार गेल्या असतील, तर मात्र चुलतभावाचं म्हणणं मलाही पटेल. नुसता फ्लोअर गेला असेल तर काही बिघडलं नाही, नवा पत्रा कापून वेल्डिंग करता येतो. माझ्या गाडीत तोच आहे.

इथे मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. घाईने आधी रंग करून घेतला. गॅरेजवाल्याने गंज न कापता त्यावर जाड लांबी ओढली, वर झकास रंग मारला. एक पावसाळा गेला आणि दिवाळीच्या आत मागच्या चाकांवर फोड आले. सगळं पुन्हा खरवडून काढावं लागलं. डेंटरला स्पष्ट सांगा की आधी कापायचं, मग वेल्डिंग, मग प्रायमर, आणि प्रायमर मारण्यापूर्वी मला दाखवायचं. काम चालू असताना आठवड्यातून एकदा तिथे जाऊन उभे राहा. आणि वेल्डिंगच्या आधी चेसिस नंबर कुठे ठोकलाय ते शोधून त्याचा फोटो काढा. पासिंगच्या वेळी इन्स्पेक्टर त्याचा पेन्सिलने ठसा घेतो. डेंटरने अनवधानाने तोच तुकडा कापला, तर तुमची गाडी कागदावर उरणार नाही.

आता इंजिन. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं मशीन आहे, कुठलीही इलेक्ट्रॉनिक्स नाही. अकरा वर्षांनी थेट स्टार्टर मारू नका, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असल्या तर तुटतील. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी मिळून हळूहळू ढकला. इंजिन फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. फिरलं नाही तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा, पुन्हा थांबा. माझं चौथ्या दिवशी सुटलं. आधी काही नाही, मग पाठीला एक हलका हिसका जाणवला आणि गाडी पुढे सरकली. वडील ओट्यावर बसून बघत होते, ते काही न बोलता उठून आत चहा टाकायला गेले.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, त्याला आता वार्निशसारखा वास येत असेल. टाकी आतून धुवून घ्या. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि गाडीतल्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) बदला, ते कितीही चांगले दिसत असले तरी. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, मऊ पडून चिरतं, आणि इंजिनाच्या उष्णतेजवळ गळणारं पेट्रोल म्हणजे आग. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन् महिने साठवून ठेवू नका. पाइप घेताना दुकानदाराला इथेनॉल चालणारा हवा म्हणून सांगा.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नका. चारही चाकांना ड्रम आहेत, आणि इतकी वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडरची रबरं मेलेली असतात. मास्टर सिलिंडर, चारही चाकं, पाइप, ऑइल सगळं नवं. इंजिन चालू होण्याआधी ब्रेक लागले पाहिजेत, हा क्रम मी कुणालाही सांगतो. टायरवर नक्षी असली तरी फसू नका. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. तो टायर चालवायचा नाही.

सुट्या भागांची लोकांना उगाच धास्ती वाटते. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची, वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कंपनीत, आणि कित्येक वर्षं मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. त्यामुळे माल भरपूर बाहेर पडलाय. दुकानात ‘पद्मिनी’ म्हणण्यापेक्षा ‘फियाट’ म्हणा, जुने मिस्त्री तेच नाव घेतात. पुण्यात नाना पेठेतली दुकानं बघा, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, आणि मुंबईला गेलात तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. पॉइंट, कंडेन्सर, गॅस्केट, क्लच प्लेट मिळतात. दारांची बीडिंग, काचांची रबरं, आतल्या मुठी हे मात्र दिसलं की घेऊन ठेवायचं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली. टॅक्सीसाठी माल ठेवणाऱ्या दुकानदाराला आता तो ठेवायचं कारण राहिलं नाही. कार्बोरेटर कानाने लावणारे मिस्त्री तर मालापेक्षा वेगाने कमी होताहेत. तुमच्या भागात असा कुणी साठीतला माणूस असेल तर गाडीच्या आधी त्याला गाठा.

कागदांचं काम पत्र्याच्या बरोबरीने सुरू करा. आरसी बुक शोधा. काकांच्या नावावरून वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. तुम्ही पुतणे आहात, तेव्हा आधी काकू आणि चुलतभावाची लेखी संमती घ्या, नंतर घरात कटुता नको. नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीची ती फी १०,००० रुपये झाली आहे. वर हरित कर, आणि उशिराचा दंड महिन्यांवर मोजतात. रक्कम ऐकून दचकाल, पण एकदा भरली की पाच वर्षं बघायला नको. दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली तसं आपल्याकडे खासगी गाड्यांना नाही, फिटनेस दाखवून चालवता येते. ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी कुणी सुचवेल, पण तिला गाडी ५० वर्षांची लागते. तुमची २०३९ साली होईल. शिवाय त्या नंबरावर गाडी रोज वापरता येत नाही.

खर्चाचा नक्की आकडा मॅट उचलल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, सांगितला तर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे पत्रा आणि रंगाला इंजिनाच्या जवळजवळ तिप्पट लागले, आणि दीड वर्ष गेलं. सगळं एकदम उघडायचा मोह आवरा. सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी खोक्यांतच राहते, मी तीन-चार अशा पाहिल्या आहेत. आधी ती थांबेल आणि चालेल इतकं करा, गावातल्या गावात फिरवा, मग बाकीचं हळूहळू.

आणि चालू झाली की रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका, कूलंटच घाला. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते पाणी त्याला आतून खात जातं. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना गाडी मध्येच गुदमरली तर घाबरू नका, फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. बाजूला घ्या, पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. माझ्या डिक्कीत वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा त्यासाठीच ठेवलेला आहे.

मॅटखालचा आणि पाट्यांच्या जागेचा फोटो इथे टाकलात, तर कुठे कापावं लागेल ते मी बघून सांगेन.