ब्युटी कंपनीच्या मार्केटिंगमध्ये रोजचं काम नेमकं काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमबीए संपत आलंय, एका मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपनीत असिस्टंट ब्रँड मॅनेजर म्हणून आणि एका खासगी बँकेत अशा दोन ऑफर हातात आहेत. घरचे म्हणतायत, "पावडर-लिपस्टिक विकायला एवढं शिकलीस का?" आणि तुम्हाला कळत नाहीये की या नोकरीत दिवसभर माणूस करतो तरी काय.

मी मुंबईत बरीच वर्षं याच धंद्यात आहे. आधी एका मोठ्या कंपनीत होते, आता ऑनलाइन सुरू झालेल्या एका नव्या ब्रँडमध्ये आहे. दोन्हीकडचं सांगते.

घरच्यांचं आधी उरकू. लॅक्मे १९५२ मध्ये टाटांनी काढली, तीही तेल-साबणाच्या कारखान्याच्या जोडीला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती आजच्या हिंदुस्तान युनिलिव्हरकडे गेली. फाल्गुनी नायर गुंतवणूक बँकेतली भरभक्कम नोकरी सोडून २०१२ मध्ये नायका ही सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी कंपनी काढायला बसल्या आणि २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. घरी एवढं सांगून बघा. नाही पटलं तर सोडून द्या, माझ्या सासूबाई अजूनही लोकांना "ती जाहिरातीत आहे" असंच सांगतात.

आता काम. शूटिंग, नट्या, पॅरिसहून आलेला परफ्यूमवाला हे सगळं असतं, पण वर्षातून मोजके दिवस. बाकी वेळ तुम्ही एक्सेलमध्ये असता. सकाळी लॅपटॉप उघडला की आधी विक्रीचे आकडे. कंपनीने वितरकाला दिलेला माल म्हणजे प्रायमरी, वितरकाकडून दुकानात गेलेला म्हणजे सेकंडरी. महिनाअखेरीला सेल्सवाले प्रायमरी फुगवतात, वितरकाचं गोदाम भरतं, आणि दोन महिन्यांनी तोच माल मुदत संपत आली म्हणून तुमच्या बजेटमधून स्कीम लावून काढावा लागतो. त्यामुळे चांगला ब्रँड मॅनेजर प्रायमरीवर खूश होत नाही, तो सेकंडरी विचारतो. पहिल्या मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारलात तर सेल्सचा माणूस तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल.

लिपस्टिकची रेंज सांभाळणं हे तर वेगळंच दुखणं. प्रत्येक शेड म्हणजे वेगळा बारकोड, वेगळा स्टॉक, वेगळा टेस्टर, वेगळी एक्सपायरी. मरून, तपकिरीकडे झुकणारे न्यूड, एखाद-दुसरा लाल, यांवर अख्खी रेंज चालते. जांभळी, नारिंगी, चकचकीत गुलाबी नुसत्या बसून असतात. फायनान्स दर तिमाहीला त्या काढून टाका म्हणून मागे लागतं. काढल्या की स्टँड ओकाबोका दिसतो, बाई थांबत नाही, आणि मग मरूनही खपत नाही. हे फायनान्सला आकड्यात पटवून देणं हे तुमचं काम. बाई जांभळ्याकडे बघून थांबते आणि मरून घेऊन जाते, हे पहिल्या वर्षात डोळ्यांनी बघून घ्या, म्हणजे पुढे बोलताना जोर येतो.

सगळ्यात जास्त वेळ आणि डोकं कशात जातं, तर दाव्यांत. ऑफिसात सगळे 'क्लेम' म्हणतात. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर करणारं, रूप खुलवणारं किंवा दिसणं बदलणारं. बरं करणारं काही असेल तर ते औषध, त्याला लायसन्स वेगळं. एवढ्या एका रेषेवर अख्खी टीम कसरत करते. समजा तुम्ही क्रीमसाठी लिहिलंत, 'काळे डाग घालवते.' रेग्युलेटरीची, म्हणजे कायद्याचे नियम बघणाऱ्या विभागाची, बाई त्यावर लाल खूण करते: घालवणं म्हणजे उपचार झाला. मग 'डाग कमी करते.' आर अँड डी, म्हणजे संशोधन विभाग, म्हणतो, आमच्या चाचणीत डागांचं दिसणं कमी झालंय, डाग मोजलेच नाहीत. मग 'डाग कमी दिसतात.' लीगल विचारतं, किती दिवसांत आणि किती बायकांवर तपासलं? मग वाक्यापुढे चांदणी (*), आणि डब्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात खुलासा. जाहिरात एजन्सीचा मजकूर लिहिणारा कॉपीरायटर तोवर वैतागून कॉफी प्यायला गेलेला असतो. शेवटी उरतं ते वाक्य तुम्हाला निर्जीव वाटतं, पण तेच हिंदीत, मराठीत, तमिळमध्ये करायचं असतं. भाषांतर करणारा बिचारा ते छान वाहतं करायला जातो आणि 'डाग नाहीसे' लिहून बसतो. मराठी आर्टवर्क, म्हणजे डब्यावर छापायचा मजकूर, तपासायला टीममध्ये मराठी माणूस असला की ही चूक तिथेच पकडली जाते. तुमच्या मराठीचा एवढा थेट उपयोग बँकेत क्वचितच होईल.

लेबलवर काय लिहिलंय याला किती किंमत असते याचं माझं आवडतं उदाहरण खोबरेल तेलाचं आहे. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल की केसांचं तेल, यावर करखातं आणि कंपन्या वर्षानुवर्षं भांडत होत्या, कारण दोन्हींवरचा कर वेगळा होता; जीएसटीत एकावर ५ टक्के आणि दुसऱ्यावर १८ होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाद्यतेल म्हणून विकलेलं छोटं पॅक खाद्यतेलच. बाटली छोटी आहे म्हणून ते केसांचं तेल होत नाही. आपल्या घरात तीच बाटली डोक्यालाही लागते आणि क्वचित फोडणीलाही पडते, हे सगळ्यांना माहीत. पण ब्रँडच्या माणसाला डब्यावर केसांची आठवणही येऊ द्यायची नाही. (सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेलही ५ टक्क्यांत आलं, त्यामुळे आता त्या भांडणातली हवा गेली.)

गोरेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. त्याआधी २०१४ मध्येच जाहिरात मानक परिषदेने नियम केले होते की सावळ्या माणसाला दुःखी, बिनलग्नाचा, नोकरी न मिळालेला असं दाखवायचं नाही. शब्द बदलले: ब्राइटनिंग, ग्लो, रेडियन्स. मागणी किती बदलली ते तुम्हीच ठरवा. माझं मत असं की या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकीने कशावर काम करणार नाही हे आधीच मनाशी पक्कं करावं, कारण अप्रेझलच्या महिन्यात असल्या गोष्टी ठरवता येत नाहीत. मोठ्या कंपनीत कॅटेगरी बदलून मागता येते. मी केसांचं आणि मेकअपचं काम मागून घेतलं, कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

आता खरं शिक्षण कुठे होतं ते सांगते. काउंटरवर. दुकानात कंपनीची जी मुलगी उभी असते तिला ब्युटी ॲडव्हायझर म्हणतात, ऑफिसात नुसतं 'बीए'. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या भागातल्या एका दुकानात मी अशा एका बीएसोबत दिवसभर उभी होते. लग्नाच्या खरेदीला मायलेकी आलेल्या. मुलीने मोबाइलवर कुठल्याशा नटीचा फोटो दाखवला, हीच शेड पायजे. बीएने आधी फाउंडेशन काढलं, हाताला न लावता जबड्याच्या कडेला तीन बोटं ओढली आणि मुलीला दुकानाच्या बाहेर उन्हात नेलं. आतल्या ट्यूबलाइटमध्ये सगळंच पांढरं दिसतं, म्हणाली. उन्हात दोन पट्टे राखाडी पडले, तिसरा कातडीत मुरला. आई मागून, "जेवताना जातंय का हे? हळद लागली की काय हुतंय?" हळदीचा प्रश्न आमच्या कुठल्याही संशोधनाच्या प्रश्नावलीत नव्हता. मुंबईतल्या सादरीकरणात आम्ही 'ट्रान्सफर-प्रूफ' (कपाला-कपड्याला न लागणारं) म्हणत होतो, आणि गिऱ्हाइकाला पाहिजे होतं हळद, घाम आणि पंगतीत टिकणारं. त्या बीएला मी लाँचच्या आधी फोन करायला लागले, आणि आजही करते.

मोठ्या कंपन्या नव्या मुलांना आधी काही महिने सेल्समध्ये, छोट्या शहरांत पाठवतात. पुष्कळ जण ते कसंबसं ढकलतात. सोलापूर किंवा जळगाव मिळालं तर नशीब समजा. वितरकाच्या गादीशेजारी बसून चहा पिताना जे कळतं ते मुंबईत बीकेसीच्या ऑफिसातल्या काचेच्या खोलीत कळत नाही.

इन्फ्लुएन्सरचं प्रकरण थोडक्यात. २०२१ पासून पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेल्या पोस्टवर जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. ते लिहायला लावण्यात, व्हिडिओत तिने 'पिंपल्स बरे झाले' म्हटलेलं कापायला लावण्यात आणि तिच्या मॅनेजरशी पैशांवरून घासाघीस करण्यात ज्युनियर मुलींचा दिवस जातो. यात ग्लॅमर शोधू नका.

जुनी कंपनी आणि नवा ब्रँड यांतला फरक तुमच्या वयात महत्त्वाचा आहे. जुन्या कंपनीत एक झाकण बदलायला वर्ष जातं, पण शिस्त लागते: एजन्सीला काय हवंय ते सांगणारा ब्रीफ कसा लिहायचा, नफा-तोट्याचं पान कसं वाचायचं, जाहिरात पाहून 'मला आवडली' सोडून दुसरं काय बोलायचं. नव्या ब्रँडमध्ये काही महिन्यांत नवं सीरम बाजारात येतं, रात्री अकराला वेबसाइटवरची किंमत बदलावी लागते, आणि तुम्हाला शिकवायला कुणाला वेळ नसतो. दोन्ही जगं आता एकमेकांत मिसळतायत. २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने जयपूरच्या मिनिमलिस्ट या नव्या स्किनकेअर ब्रँडचा बहुतांश हिस्सा घेतला तो उगाच नाही. माझं विचाराल तर आधी जुनी, मग नवी. उलटं करणाऱ्यांना जुन्या कंपनीचा संथपणा सहन होत नाही.

कुणाला हे जमत नाही? ज्यांना मेकअपची आवड आहे म्हणून यायचंय त्यांना, असं माझं निरीक्षण आहे. आवड असलेली मुलगी स्वतःला आवडेल ती शेड निवडते. कुतूहल असलेली मुलगी शेजारच्या काकूंना विचारते की तुम्ही वीस वर्षं तीच टॅल्कम पावडर का घेता, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. आमच्या टीममधला सगळ्यात तयार ब्रँड मॅनेजर हा चेहऱ्याला साबणाशिवाय काही न लावणारा एक नागपूरचा मुलगा होता. काजळावर तो तासभर बोलू शकायचा.

बँकेत पगार पहिल्या वर्षी कदाचित जास्त असेल, आणि शनिवार-रविवारही जास्त शांत. ते तुमचं तुम्ही बघा. ब्युटीची ऑफर घ्यायचीच असेल तर सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा: सेल्स स्टिंट कुठे आणि किती महिन्यांचा, त्यानंतर कुठली कॅटेगरी, आणि ज्या ब्रँडवर टाकणार त्याचं बजेट तुमच्या बॉसच्या हातात आहे की परदेशातल्या ऑफिसच्या. तिसऱ्याचं उत्तर एचआर गोलगोल देईल. तेव्हा त्या टीममधून नुकतंच बाहेर पडलेलं कुणीतरी लिंक्डइनवर शोधून विचारा, असली माणसं मोकळेपणाने बोलतात.