लहानपणीच्या मारहाणीबद्दल अचानक काही उमगलं आणि आता 'मी नक्की कोण?' हेच कळेनासं झालंय. असं कुणाला झालंय का?

हो, मला झालंय. तुमचा 'शांत स्वभाव' म्हणजे मुळात भीती होती हे तुम्हाला परवा एकदम उमगलं, असं तुम्ही लिहिलंय. माझं अगदी तसंच झालं.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबांची नोकरी गेली ती गेलीच, मग दारू आली. लाकडी जिन्यावर त्यांच्या चपला कशा वाजतात, मधे कठडा धरून थांबतात का, यावरून आजची रात्र कशी जाणार ते मला कळायचं. मी सात वर्षांची होते. धाकट्या भावाला घेऊन पलंगाखाली गप्प बसायचे. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "पोर किती समजूतदार!"

चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी समजूतदारच राहिले. मग एका रविवारी भाचीच्या हातून दुधाचा पेला पडला. खणकन आवाज, फरशीभर दूध. "अगं बाई!" म्हणत ती फडकं आणायला पळाली. कुणाच्या तोंडाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी मात्र श्वास रोखून भावाकडे बघत होते, आणि भाऊ माझ्याकडे.

त्या रात्री फार हलकं वाटलं. पुढचे चार दिवस आतून रिकामी झाले होते. नोकरी सोडावी, आईला जाब विचारावा, काय काय मनात आलं. नाही केलं ते बरं झालं. तुम्हीही इतक्यात मोठा निर्णय घेऊ नका. आठवड्याभरात शाळेत वरिष्ठांचा आवाज चढला आणि माझे हात पूर्वीसारखेच गार पडले. तेव्हा वाटलं, सगळं खोटंच होतं. खोटं नव्हतं; अंगाला उशिरा कळतं.

पुढे समुपदेशकाकडे गेले. दीर्घकाळच्या आघाताने माणसाची स्वतःकडे बघायची नजरच बदलू शकते, आणि २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आजार-वर्गीकरणात अशा आघातोत्तर विकाराची वेगळी नोंद आहे, हे तिथे कळलं. 'मी कोण' असं वाटणं म्हणजे वेड लागणं नव्हे, एवढं ऐकूनच मी रडले.

भीतीतून आलेलं सगळं टाकून द्यावं लागेल, असं मला वाटायचं. पण मी शिक्षिका आहे. वर्गात एखादं मूल गप्प झालं की मला दारातूनच कळतं. तेही मी त्या जिन्यावरच्या चपला ऐकूनच शिकले. ते माझंच आहे, ते मी ठेवलंय. 'चालेल, मला काहीही चालेल' म्हणणं मात्र सोडतेय.

रात्री फार जड झालं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.